दुखवट्याचं हॉटेल

मामा, या वेळेस हॉटेल मी निवडलं. एकटीनं. म्हणजे फोटो पाहिले, व्हिडिओ पाहिले, लोकांनी काय काय लिहिलं ते सगळं वाचलं, पण तू जिले पाहणी म्हणायचा ती नाही केली, अन् त्यातूनच सगळं झालं जे झालं. चांगलं झालं का वाईट झालं तेही मले समजून नाही राहिलं. ज्याले विचारायचं तो तूच होता. म्हणून लिहून राहिली. भराभर लिहिते, हळू लिहिलं का रडू येते अन् मग स्क्रीन दिसत नाही. शुद्धलेखन पाहू नको.

थांब, पहिले आईचं सांगते. तुले तेच ऐकायचं असन.

तू गेला तेव्हापासून आई जेवत नाही. म्हणजे उपाशी राहते असं नाही, ताटावर बसते, दोन घास खाते, पाणी पिते अन् म्हणते झालं माझं. चहा पिते. कधी चहात पोळी बुडवते. मी एक दिवस वडाभात केला, फोनवर पाहून. वडे असे झाले का फेकून मारले तं माणूस जखमी होईन. एरवी तिनं मले टोमणे मारत मारत दोनदा वाढून घेतला असता. या वेळेस टोमणाच नाही मारला. चांगला झाला म्हणाली, अन् ताट सरकवलं. तेव्हा मले खरी भीती वाटली, मामा.

तुझी तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी मामीचा भाऊ अमरावतीहून आला, साडी घेऊन, दुखवटा काढाले. रीत हाय ती, माहेरचा माणूस येते, साडी देते, आपल्या घरी नेते, गोड खाऊ घालते, मग दुःख घराबाहेर निघालं असं समजायचं. मामी रडत रडत गाडीत बसली. गाडी वळली, दिसेनाशी झाली, तरी आई फाटकापाशी उभीच. मी सहज म्हटलं का आईचाही दुखवटा काढायचा असन ना कोणी. तं तुझ्या शेजारच्या काकू मांडवाच्या खुर्च्या मोजता मोजता म्हणाल्या, "भाऊ गेला तं बहिणीचा दुखवटा नसते वं पोरी. अन् असला तरी काढणार कोण? काढणारा तोच होता ना."

वाईट मनानं नाही म्हणाल्या. सरळ जे होतं ते म्हणाल्या. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, गेली तेव्हा तू आला. बाबा गेले तेव्हा तू आला. आमच्या घरात कोणीही गेलं का आईले बाहेर काढाले तूच यायचा. आता तू गेला, तं रीतीत तिच्यासाठी कोणी उरलंच नाही. म्हणजे इतक्या हजार वर्षांत कोणी विचारच नाही केला का या बाईचं काय करायचं?

अन् रीतीचं तं काय सांगू. तू भेटला का पहिले माझ्या पाया पडायचा. मॉलमध्ये, बसस्टॉपवर, माझ्या ऑफिसच्या गेटसमोर, सगळ्या लोकांत. मामानं भाचीच्या पाया पडायचं, भाचीनं मामाच्या नाही. मी ओरडायची का मामा लोक पाहून राहिले, तं तू आणखी वाकायचा, मुद्दाम, कमर धरून, हाय हाय करत. मग त्या दिवशी तुले अंगणात ठेवलं होतं, तं कोणीतरी मले म्हणालं पाया पड. दुसरं कोणीतरी म्हणालं ती भाची हाय, ती कशी पडन. मी मधातच उभी. सगळे पुढं सरकले अन् मी पडली का नाही पडली मले आता आठवतही नाही. खरंच नाही आठवत. रोज आठवून पाहते.

बरं. हॉटेल.

बाकीच्यांचे भाऊ बहिणीले घरी नेतात. तू हॉटेलात न्यायचा, अन् त्यावरून नातेवाइकांत तुझी केवढी बदनामी झाली होती. तुझं म्हणणं होतं का बाईले घरी नेलं का ती बाहेरच्या खोलीत पर्स ठेवते अन् सरळ स्वयंपाकघरात जाऊन मामीसोबत पोळ्या लाटाले बसते, मग दुखवटा तिचा काढला का तिनं आमचा काढला? हे मले लय पटायचं. आईले फक्त हॉटेलातच कोणी लाटणं देत नाही.

बाबांच्या वेळेस तू तिले फुटाळा तलावावर नेलं होतं, गच्चीवरच्या हॉटेलात. मी कॉलेजात होती, मले सगळं आठवते. आई स्कूटरवर बसाले तयार नव्हती. लोक काय म्हणतील, नवरा गेला अन् ही हॉटेलात गेली. तू म्हणाला, लोकांचं जेवण थांबलं का एक तरी दिवस? मग तिथं गेल्यावर तू वेटरशी भांडला, कारण त्यानं आपल्याले भिंतीकडचा टेबल दिला. तू तीन माणसांचं पूर्ण कुटुंब उठवलं, हात जोडून, अन् आईले तलावाकडं तोंड करून बसवलं. मले बाजूले घेऊन सांगितलं का रडणाऱ्या माणसाले भिंतीसमोर बसवू नाही. "नजर दूर गेली पाहिजे. नजर दूर गेली का घास खाली जाते."

अन् खरंच गेला ना. आई तलाव पाहत पाहत जेवली. दाल संपवली, अन् शेवटी तू काही विचारलं नाही तरी म्हणाली का भात मागव.

तेव्हापासून तू आईले काही ना काही निमित्तानं जेवाले न्यायचा, अन् मी तुझ्यासोबत पाहणीले याले लागली. किती फिरलो आपण. लकडगंजातलं दुकान बंद करून तू यायचा, प्लायवूडचा भुसा केसात तसाच, अन् म्हणायचा, चल, एक पोरगी पाहून येऊ. म्हणजे हॉटेल. लग्नाची पोरगी पाहाले जातात तसंच तू पाहायचा. टेबल ठोकून पाहायचा, पहिले ते. सागवान सांगून प्लाय लावला असला तं तिथंच मॅनेजरले ऐकवायचा. मग लिफ्ट. मग बाथरूम. मग खिडकीपाशी उभा राहून सूर्य कुठं बुडते ते पाहायचा, अन् त्या हिशेबानं टेबल ठरवायचा का कोणाच्या डोळ्यात ऊन नाही आलं पाहिजे. मग एक दाल, दोन रोटी. बस. दाल जमली तं बाकी जमन, असं तुझं. मी म्हणायची मामा एवढं सगळं फोनवर दिसते, लोक लिहितात, स्टार देतात. तू म्हणायचा, लोकांची आई अन् माझी बहीण एक हाय का?

मी तरी हरायची नाही. आपण गाडीवर बसून घरापर्यंत भांडायचो. मले तं वाटते भांडाले मिळावं म्हणूनच तू मले न्यायचा.

आता ते जे मेन भांडण होतं ते. ते नवीन हॉटेल. उंच इमारतीवरचं, वरच्या मजल्यावरचं, चारही बाजूनं काच. मले नोकरी लागल्यावर मी तिथं आईले न्यायचं ठरवलं होतं. पूर्ण नागपूर दिसते, तलाव, झाडी, मेट्रो कशी वळते ते. मी तुले व्हिडिओ पाठवले, तू फोनवर अंगठा पाठवला, चालन म्हणून. मग तू गेला असन पाहणीले, मले न सांगता, कारण एक दिवस तुझा फोन आला का ते नको. मी विचारलं काहून? तं म्हणे, पनीर रबर हाय. मी म्हटलं आई पनीर खातच नाही. तं म्हणे, वर हवा लय हाय. मी म्हटलं मामा काच हाय चारही बाजूनं, हवा कुठून येईन? तं तू चिडला. तू कधी चिडत नाही. म्हणाला, मी नको म्हटलं ना, नको, दुसरं पाहू. अन् फोन ठेवला.

मीही रागावली. दोन-तीनदा तू विषय काढला, दुसऱ्या हॉटेलांची नावं सांगितली, मी हूं हूं केलं. मग ते तसंच राहिलं. मग तू दुकानात खाली बसला अन् उठलाच नाही.

तं दुखवटा कोणी काढणार नाही म्हटल्यावर मी ठरवलं का मीच काढते. मुलीनं आईचा दुखवटा काढायचा असं काही नसते, पण भावाचाही बहिणीले नसते म्हणे, मग जिथं काहीच नाही तिथं काहीही करता येते. मी तुझ्या भूषणले फोन केला. म्हटलं तू तिचा भाचा, माहेरचा माणूस आता तूच. साडी तू दे. तो बुटीबोरीले नाइट ड्यूटी करून थेट आला, डोळे लाल, हातात साडीची पिशवी. मामीनं अमरावतीहून फोनवर दुकानदाराले रंग सांगितला होता. डाळिंबी.

अन् हॉटेल मी निवडलं. नजर दूर गेली पाहिजे ना? तं सगळ्यात दूर नजर जिथून जाते ते. मले वाटलं भांडण राहिलंय, तं मी जिंकून टाकते, अन् तू हसशील. मी फोनवर सांगितलं का सगळ्यात चांगला व्ह्यू असलेला टेबल पाहिजे, खिडकीजवळचा. रविवारी दुपारी. थंडीचं ऊन, एकदम साफ आकाश. आई डाळिंबी साडी नेसली, कारण भूषणनं दिली म्हणून, नाही कशी म्हणन. लिफ्टमध्ये तिनं माझा हात धरला. वर गेलो, काच, अन् बापरे, काय दिसते मामा. खरंच दिसते. तलाव असा खाली पडलेला. मी आईले बरोबर खिडकीकडं तोंड करून बसवलं, तू बसवायचा तसं. खूप खूश होती मी तेव्हा, दोन मिनिटं.

मग भूषणचा चेहरा पाहिला. तो आईच्या बाजूले बसला होता, खाली पाहून राहिला होता, अन् त्याचं तोंड एकदम उतरलं. उठला, अन् आईले म्हणाला, आत्या, तू इकडं बस, तिकडं ऊन येते. आई म्हणाली कुठं हाय रे ऊन. तं तो म्हणाला एसीची हवा लागन. आई म्हणाली, मले काय होते. मले काही समजेना. मी त्याले डोळ्यानं विचारलं, काय? तो पाणी प्याले लागला.

झाडीच्या पलीकडं टिनाचे उंच शेड होते. बाजूले लाकडाचे ढीग. थोडा धूर. बारीक बारीक माणसं, पांढऱ्या कपड्यातली. मले वाटलं फॅक्टरी हाय काहीतरी. मले कसं माहीत असन? आपल्याकडं बाया दहनघाटावर जात नाही. बाबांच्या वेळेस मी फाटकापर्यंत, तुझ्या वेळेस मी फाटकापर्यंत. आईही फाटकापर्यंत. आमच्यासाठी तुम्ही दोघंही फाटकातून निघाले अन् बस, तिथंच संपले. पुढं कुठं गेले ते आम्ही पाहिलंच नाही कधी.

आई पाहत होती. किती वेळ पाहत होती मले माहीत नाही. मग भूषणकडं न पाहता तिनं विचारलं, "तेच का रे?"

भूषणनं मान हलवली.

"अन् हेही?"

म्हणजे बाबा. भूषण आईचा भाचा, पण बाबांच्या वेळेस तोही गेला होता ना तुझ्यासोबत. त्यानं परत मान हलवली. मग म्हणाला, आत्या, चल, आपण दुसरीकडं जाऊ. मी तं पर्स उचललीच होती. मी वेटरले हाक मारली का भैया दुसरा टेबल द्या, आतला, भिंतीकडचा असन तरी चालन. अन् आई म्हणाली, बस खाली.

मग तिनं भूषणले विचाराले सुरुवात केली. कुठून नेलं? कोणत्या शेडमध्ये? डोकं कोणत्या बाजूले होतं? बाबांची जागा कोणती, तुझी कोणती, जवळजवळ होती का? भूषण बोटानं काचेवर दाखवून राहिला, हळू आवाजात, जसं लहानपणी नकाशा पाठ म्हणून दाखवायचा तसा. मध्ये वेटर येऊन दाल ठेवून गेला, रोटी ठेवून गेला. आई एक एक गोष्ट विचारत होती अन् रोटी तोडून खात होती. तिलेही समजत नसन का ती खाऊन राहिली. मी पाण्याचा ग्लासही नाही उचलला, मधात काही झालं तं ती थांबन म्हणून.

मग तिनं विचारलं, "लाकूड कोणतं होतं?"

भूषण म्हणाला, घाटावर मिळते तेच गं आत्या. आंब्याचं, बाभळीचं, मिळून-मिसळून.

आईनं रोटी दालीत बुडवली. मग म्हणाली, "संजू असता तं पहिले ठोकून पाहिलं असतं."

अन् भूषण हसला, मामा. तू गेल्यावर पहिल्यांदा. हसता हसता त्याच्या नाकातून पाणी आलं, त्यानं नॅपकिन तोंडावर दाबला, खांदे हलून राहिले. आईही हसली. मी हसली का रडली ते सोड. बाजूच्या टेबलवर कोणाचा वाढदिवस होता, ते आमच्याकडं पाहून राहिले का ही लोकं किती मजेत हाय.

आईनं भात मागवला. पनीरही मागवलं, भूषणसाठी. मी एक तुकडा खाल्ला. एकदम मऊ होतं, मामा. लोण्यासारखं. हवा तं नव्हतीच, कुठून येईन.

तेव्हाच मले समजलं, किंवा मले वाटते का समजलं. तू त्या खिडकीपाशी उभा राहिला असशील, सूर्य कुठं बुडते ते पाहत, अन् तुले ते दिसलं असन. तू तं बाबांले खांदा दिला होता, तुले शेड पाहताच ओळखू आलं असन. अन् मग मले काय सांगायचं, म्हणून पनीर. मी तुझ्याशी किती तडतड बोलली त्या फोनवर. का तसं काही नव्हतंच? का तुले खरंच त्या दिवशी पनीर रबरासारखं मिळालं? सांगून टाकायचं होतं ना गा. एवढं बोलायचा, तेवढंच नाही बोलला. मी काय लहान होती? मी नसतं नेलं तिले.

पण नसतं नेलं तं ती जेवली नसती. इथंच मी अडकते. रोज इथंच येऊन अडकते.

कारण पुढचं ऐक. घरी आलो, संध्याकाळी ताट वाढलं, दोन घास, पाणी, झालं माझं. दुसऱ्या दिवशीही तेच. मले वाटलं होतं दुखवटा निघाला. कुठं निघाला. मग शनिवारी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, उद्या जायचं का तिथं? मी म्हटलं कुठं? तं म्हणाली, तिथं. अन् रविवारी आम्ही गेलो, दोघीच. तोच टेबल. ती पूर्ण जेवली. दोन रोटी, दाल, भात, अन् शेवटी माझ्या ताटातली सलादही. मध्ये मध्ये बाहेर पाहायची. आज गर्दी हाय म्हणाली, एवढंच. मग सोमवारपासून घरी परत चहा-पोळी.

मी मामीले सांगितलं फोनवर. ती पहिले आई काय काय जेवली ते विचारत राहिली. मग म्हणाली, मले नको नेऊ बाई तिथं कधी. बाबांकडच्या मोठ्या काकूंनी तं मले झापझाप झापलं, घाट पाहत जेवते का कोणी, आईले वेड लागन अन् तू लावशील. भूषण म्हणते, जेवून राहिली ना, मग जाऊ दे ना, कोणाचं काय जाते. माझ्या ऑफिसातली मैत्रीण म्हणते कोणाले तरी दाखव. सगळे बराबर बोलून राहिले. सगळ्यांचं पटते मले, एकामागं एक, अन् मग माझ्यापाशी माझं असं काहीच उरत नाही.

मी आईलेच विचारलं शेवटी. म्हटलं, आई, तुले तिथं कसं वाटते? ती म्हणाली, घरून तुम्ही लोक दिसत नाही मले. तिनं तुम्ही लोक म्हटलं, मामा, माझ्याकडं पाहून, अन् मग तिलेच समजलं का ती मले नाही, तुले अन् बाबांले म्हणून राहिली, अन् उठून आत गेली.

मी तुझ्यावर चिडली होती ते आता कुठं ठेवू? अन् तुझे उपकार? तू आमच्यासाठी किती दाली चाखल्या, किती लिफ्टमध्ये वर-खाली केलं, आईच्या डोळ्यात ऊन येऊ नाही म्हणून. अन् एवढं करून एक हॉटेल तू पाहून ठेवलं होतं का इथं हिले आणायचं नाही, अन् मी नेमकं तिथंच आणलं, अन् नेमकं तिथंच ती जेवते. तुझी नजरेची गोष्ट खरी निघाली का खोटी? नजर दूर गेली, घास खाली गेला. पण तू एवढ्या दूर म्हणाला होता का?

आज रविवार हाय. तिनं सकाळीच डोकं धुतलं, डाळिंबी साडी काढली. आता दारात चप्पल घालून उभी हाय, मी काय लिहून राहिली ते विचारत नाही, फक्त एकदा म्हणाली, जागा भेटन ना वं? मी मघाच हॉटेलात फोन लावला. तो माणूस आता आवाज ओळखते माझा. म्हणाला, मॅडम, खिडकीचा एकच उरला हाय, ठेवू का? का आतला देऊ?

मी म्हटलं, एक मिनिट थांबा.

तो थांबून हाय, मामा. सांग ना गा.